आधी विचारा, मग जागा द्या

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थिनीने संगणकाच्या प्रणालीविषयी लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. हा अंक हाती घेणारे आमचे शास्त्र शाखेचे मित्र कदाचित हसतीलही. पण ज्या गोष्टीचा त्रास आपल्याला सोसावा लागतो, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला असतो, असे मला वाटते. भात रांधता येत नसला तरी तो कच्चा राहिला आहे हे खाणाऱ्याला कळतेच.

माझे गाव पोलादपूर तालुक्यातील कापडे बुद्रुक. याच तालुक्यात कापडे खुर्दही आहे. तुर्भे या नावाची तर तीन गावे आहेत: तुर्भे बुद्रुक, तुर्भे खुर्द आणि तुर्भे खोंडा. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे लहान. दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले, हे आम्हाला वर्गात सांगितले गेले आहे. म्हणजे आमच्याकडे गावाची खरी ओळख नावाच्या शेवटी असते. शेवट कापला की ओळख गेली.

बारावीनंतर एका सवलतीसाठी मी अर्ज भरला होता. माझ्या हाती आलेल्या छापील पावतीवर गावाच्या रकान्यात ‘कापडे’ एवढाच शब्द होता आणि त्यापुढे तीन टिंबे. मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे माझे कागद कापडे खुर्दच्या गठ्ठ्यात गेले आणि ‘या नावाची विद्यार्थिनी या गावात राहत नाही’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवले गेले. मी बुद्रुकची आहे, खुर्दची नव्हे, असा दाखला आणण्यासाठी बाबांना ऐन लावणीत दोन दिवस खाडा करावा लागला. मुदत संपायला एक दिवस उरला असताना काम झाले. त्या खिडकीपलीकडच्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानेही तीन टिंबेच पाहिली होती. दोष होता तो त्या रकान्याचा, आणि रकाना पुरतो की नाही हे न तपासता तो आखणाऱ्याचा.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वाडीतले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. कोणाचे शिधापत्रिकेचे, कोणाचे पीकविम्याचे, कोणाचे निराधार योजनेचे. अर्ज भरताना माणसे माझ्याशेजारी बसून एकच प्रश्न विचारतात, “बाय, नाव बरोबर आलं ना?” या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी देता येत नाही. म्हणून हा लेख.

या वर्षी योग असा आला, की शास्त्र शाखेच्या तृतीय वर्षात शिकणारा एक विद्यार्थी (आमच्याच गाडीने महाडला येतो, म्हणून मी त्याला दादा म्हणते) आपल्या प्रकल्पासाठी ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा अर्ज संगणकावर तयार करीत होता. अर्ज मराठीत हवा होता आणि मला मराठी टंकलेखन येते. “नुसत्या पाट्या लिहून दे,” असे तो म्हणाला. मी पाट्या लिहून दिल्या; मग त्याच्याशेजारी बसून तो अर्ज चालवूनही पाहिला, आणि तिथून आमचे भांडण सुरू झाले.

भांडण समजण्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. दादा वापरत होता ती जावा ही संगणकाची भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये जगापुढे आणली. एकदा लिहिलेली प्रणाली कोणत्याही यंत्रावर चालावी, हा तिचा दावा होता. पण यंत्रे निरनिराळी, पडदे लहानमोठे, अक्षरांचे वळण वेगळे. एका यंत्रावर नीट दिसणारी चौकट दुसऱ्यावर तुटकी दिसणार. यावर उपाय म्हणून जावाने ‘लेआउट मॅनेजर’ ही योजना केली. आपण त्याला मांडणीकार म्हणू. पडद्यावर कोणती वस्तू कोठे बसावी आणि किती जागा घ्यावी, हे हा मांडणीकार प्रणाली चालू असताना ठरवितो. आपण खिडकी ओढून मोठी केली, की तो पुन्हा नव्याने सर्वांना जागा वाटून देतो.

या मांडणीकारांच्या कामाची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांतले बहुतेक जण जागा देण्याआधी प्रत्येक वस्तूला विचारतात: तुला किती जागा बरी पडेल? कमीत कमी किती चालेल? पाटी आपल्यावरची अक्षरे मोजून उत्तर देते, बटणही देते. मग हाताशी असलेली जागा पाहून मांडणीकार निर्णय घेतो. विचारणे आधी आणि वाटणे नंतर. आपल्या अनेक पंक्तींमध्येही एवढी विचारपूस होत नाही.

दादा ज्या साधनात काम करीत होता त्याचे नाव नेटबीन्स. त्याचा जन्मही विद्यार्थ्यांच्या हातूनच झाला. प्राग शहरातील चार्ल्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये ‘झेल्फी’ या नावाने तो प्रकल्प सुरू केला, १९९९ मध्ये सनने तो विकत घेतला आणि २००० साली सर्वांसाठी खुला केला. त्यात पाट्या, रकाने, बटणे माउसने उचलून चौकटीत ठेवता येतात आणि मागची जावा-संहिता साधन स्वतःच लिहिते. २००६ साली त्यात मोकळ्या हाताने आखणी करण्याची नवी सोय आली, आणि तिच्यासाठी केलेला ‘ग्रुप लेआउट’ हा मांडणीकार त्याच वर्षी जावाच्या सहाव्या आवृत्तीत दाखल झाला. एखाद्या महाविद्यालयातील पोरांच्या प्रकल्पातून एवढे काही उभे राहते, हे आपणही ध्यानात ठेवावे.

आता आमची परीक्षा. दादाने अर्ज भरून दाखवला तेव्हा गावाच्या रकान्यात ‘महाड’ लिहिले होते आणि नावाच्या रकान्यात एक छोटे, सुटसुटीत नाव. सगळे देखणे दिसत होते. मी म्हटले, “दादा, सोप्या पेपरात सगळेच पास होतात.” मग मी वहीत काही अवघड नमुने लिहून काढले: मला आठवले त्यातले सर्वांत लांब संपूर्ण नाव, गाव आणि वाडी दोन्ही असलेला पत्ता, ‘वडिलांचे किंवा पालकांचे संपूर्ण नाव’ ही लांबलचक पाटी, आजीला दिसावे म्हणून दीडपट केलेले अक्षर, अरुंद केलेली खिडकी, आणि अगदी रिकामा अर्ज. तोच अर्ज निरनिराळ्या मांडणीकारांकडे देऊन आम्ही हेच नमुने पुन्हा पुन्हा लावले.

प्रथम मांडणीकारच काढून टाकला आणि प्रत्येक वस्तूला मोजून जागा नेमून दिली. खिडकी मोठी केली तर सारा अर्ज डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. लहान केली तर ‘जतन करा’ हे बटण कडेबाहेर गेले. अक्षर मोठे करताच पाट्यांच्या वेलांट्या वरून आणि उकार खालून छाटले गेले. इंग्रजी पाट्यांना जी उंची पुरली असती, ती मराठीला पुरेना. कारण आपली लिपी शिरोरेषेच्या वरही बोलते आणि ओळीच्या खालीही.

मग ‘फ्लो’. हा एकामागून एक वस्तू ओळीत बसवतो आणि ओळ भरली की उरलेल्यांना खालच्या ओळीत पाठवतो. खिडकी अरुंद केल्यावर बटण खालच्या ओळीत गेले खरे, पण खिडकीची उंची काही वाढली नव्हती. त्यामुळे ते दिसेनासे झाले. त्यानंतर ‘ग्रिड’. हा सर्वांना अगदी सारखी खोली देतो. वयाच्या दोन अंकांना जेवढी जागा, तेवढीच संपूर्ण पत्त्याला. ‘ग्रिडबॅग’ पुष्कळ शहाणा आहे. कोणाला किती वाढू द्यायचे याची वजने त्याला सांगता येतात. पण खिडकी हव्या त्या मापापेक्षा थोडी लहान होताच त्याने नावाचा रकाना एकदम आकसून चिरेएवढा केला. ‘कमीत कमी किती चालेल’ या प्रश्नाला रकान्याने जे उत्तर दिले होते, तेच त्याने धरले.

शेवटी दादाचा मूळ अर्ज, तो ‘ग्रुप’चा. दादाला खात्री होती की हा तरी पुरा उतरेल. रकाने खिडकीबरोबर ताणले जात होते, ओळी सरळ राहत होत्या. पण अर्ज भरून झाल्यावर जे ओळखपत्र पडद्यावर येत होते, त्यावर माझ्या गावाचे नाव उमटले ते असे: ‘कापडे’ आणि पुढे तीन टिंबे.

ती टिंबे मी ओळखली. मी काही क्षण बोललेच नाही.

दादा म्हणाला, “अगं, खिडकी ओढून मोठी कर, दिसेल.”

मोठी केली. दिसले नाही. मग त्याने मागची संहिता उघडली तेव्हा कारण सापडले. ओळखपत्र नेटके दिसावे म्हणून त्याने ती पाटी माउसने ओढून स्वतःच्या हाताने एका मापाची केली होती. त्या क्षणी साधनाने ते माप कायमचे नोंदवून ठेवले. म्हणजे मांडणीकाराने पाटीला विचारणेच बंद केले. पाटीवर ‘महाड’ असो की ‘तुर्भे खोंडा’, जागा तेवढीच. आणि मजकूर मावत नसेल तर शेवट खाऊन तीन टिंबे ठेवायची, हा जावाच्या पाटीचा स्वभावच आहे. दादाने हाताने दिलेले माप काढून टाकले, पाटीला पुन्हा तिच्या मजकुराप्रमाणे वाढू दिले, आणि ‘कापडे बुद्रुक’ पूर्ण उमटले. दोन मिनिटांचे काम. बाबांचे दोन दिवस मला आठवले.

यातून मला जे वाटते ते असे. यंत्र अडाणी नसते; त्याला आधी विचारण्याची रीत शिकवलेली असते. आपणच देखणेपणासाठी ती रीत मोडतो, आणि मोडली आहे हे कळत नाही, कारण तपासताना आपण आपल्या सोयीची नावे घालतो. जे मावते तेच घालून पाहिले तर चौकट कधीच चुकीची ठरणार नाही. परीक्षा घ्यायची ती न मावणाऱ्याची.

मापे कोणाची आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. जावात लिहिण्याच्या रकान्याला ‘वीस स्तंभ’ रुंदी द्या असे सांगितले, तर ती मोजली जाते इंग्रजी ‘एम’ या अक्षराच्या वीसपट. ‘एम’ रुंद असते, म्हणून इंग्रजी नावे बहुधा सुखाने मावतात. आपल्या जोडाक्षरांना त्या मापाने कोणी विचारलेले नाही. मोजदादीचेही तेच. ‘बुद्रुक’ ही आपल्या लेखी तीन अक्षरे. पण यंत्र स्वर, व्यंजन, हलन्त सारे सुटे धरते. त्याच्या लेखी ती सात होतात. एखाद्याने रकान्याला दहाची मर्यादा घातली तर ‘कापडे बुद्’ एवढेच आत जाईल. हे मराठीच्या विद्यार्थ्याला चटकन समजते. संगणकाच्या विद्यार्थ्याला ते कोणी तरी सांगावे लागते.

यावर दोन आक्षेप येतील, ते दादानेच घेतले. पहिला, “इंग्रजीत भरा म्हणजे प्रश्न मिटला.” मिटत नाही. एकच मराठी नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिले जाते आणि मग तीन कागदांवर तीन माणसे तयार होतात, हा अनुभव कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावा. दुसरा आक्षेप, “आता हे साधन जुने झाले, हल्ली अर्ज मोबाइलवर असतात.” खरे आहे. पण मोबाइलचा पडदा तर अधिकच अरुंद. साधन बदलले तरी प्रश्न तोच राहतो: जागा माणूस पाहून ठरली, की माणूस जागा पाहून कापला गेला?

मी सगळेच सैल सोडा असे म्हणत नाही. महाडचा पिनकोड ४०२३०१ आणि पोलादपूरचा ४०२३०३. दोन्ही सहाच अंकी. तिथे सहाच घरे असावीत, म्हणजे सातवा अंक चुकून पडणार नाही. भ्रमणध्वनीचे अंक दहा, तिथे दहा घरे. जे मोजून ठरलेले आहे त्याला घट्ट चौकट शोभते. माणसाचे नाव, आईचे नाव, गाव आणि वाडी ही मोजून ठरलेली नाहीत. त्यांना वाढायला वाव हवा.

‘सर्वांना सारखी जागा’ हीच समता नव्हे का, असेही कोणी म्हणेल. आपण महाडमध्ये शिकतो. या शब्दाचा अर्थ आपल्याला दुसऱ्या गावाकडून शिकण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ते तळे सर्वांना सारखे खुले असावे म्हणून. प्रत्येकाने एकाच मापाचा तांब्या आणावा, असा त्या समतेचा अर्थ नव्हता. ग्रिडची समता तांब्याची आहे. आपल्याला तळ्याची हवी.

आणि हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे, असे कृपया कोणी समजू नये. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले. २२ जुलैला तळिये गावाच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडी आल्या. मी तेव्हा शाळेत होते. मोठी माणसे एकमेकांना नुसते गाव विचारत नव्हती, ती विचारत होती, “कोणती वाडी?” डोंगरातल्या गावाच्या वाड्या दूरदूर असतात. एक वाडी शाबूत असते आणि दुसरी नाहीशी झालेली असते. अशा वेळी एखाद्या यादीत गावापुढे तीन टिंबे आली, तर मदत कोणाच्या दारात जाईल?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या महाविद्यालयात शास्त्र शाखेचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून अर्ज, नोंदवह्या, पावत्या तयार करतात. त्यांतला प्रत्येक प्रकल्प पुरा होण्याआधी कला शाखेच्या दोन विद्यार्थ्यांकडे तपासायला द्यावा. आम्ही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील लांब, अवघड, जोडाक्षरांनी भरलेली नावे गोळा करून एक वही तयार ठेवू. त्या वहीतले प्रत्येक नाव ज्या अर्जात पूर्ण उमटेल, तोच अर्ज उत्तीर्ण. दुसरी सूचना आम्हा कला शाखेवाल्यांना. ‘आपल्याला त्यातले काय कळते’ हे म्हणणे आता सोडू या. संहिता लिहिणे हे त्यांचे काम असेल. पण नाव पुरे आहे की अर्धे, हे ओळखायला भाषा यावी लागते, आणि तो आपला विषय आहे.

दादाशी माझे भांडण मिटले आहे. त्याच्या प्रकल्पात माझी वही आता एक परिशिष्ट म्हणून लागणार आहे. प्रकल्पाला गुण किती मिळतील ते परीक्षक ठरवतील. संपादक मंडळाला मात्र एक विनंती: लेखाखाली माझे गाव छापताना जागा अपुरी पडली, तर लेखातल्या दोन ओळी कमी कराव्यात, गावाचे नाव कापू नये.

— द्वितीय वर्ष कला, कापडे बुद्रुक, तालुका पोलादपूर